गव्हाची वंशावळ व उत्क्रांतीविषयींची शंका

"एका जातीपासून दुसरी जात निपजली हें कोणीं पाहिलें आहे?" असा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधु विचारतात. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर गव्हाच्या शेतांतच सांपडतें.

पेशींतील रंगसूत्रें हें सजीवांचें दप्तर होय. त्यांतील मजकूर पिढ्यान्‌पिढ्या नकलला जातो व नकलतांना क्वचित् चूक राहते. दोन पोथ्यांत अनेक ठिकाणीं त्याच त्याच चुका आढळल्यास त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असें आपण म्हणतों. याच न्यायानें शास्त्रज्ञ सजीवांचा वंशवृक्ष जुळवितात.

1918 सालीं जपानी शास्त्रज्ञ साकामुरा यांनीं गव्हाचे 14, 28 व 42 रंगसूत्रांचे तीन गट दाखविले. आपले खपली व बन्सी 28 चे, तर पोळीचा लोकवन 42 चा. हीं 42 आलीं कोठून? बीजपेशींत निम्मींच रंगसूत्रें उतरतात. 28 च्या गव्हाचीं 14 व एजिलॉप्स नामक रानगवताचीं 7 मिळून 21 झालीं, व तीं दुप्पट होऊन 42 झालीं. जपानांत किहारा यांनीं व अमेरिकेंत मॅकफॅडन आणि सीअर्स यांनीं 1944 च्या सुमारास हें रानगवत ओळखिलें. अमेरिकेंतील दोघांनीं तसा संकर करून 42 रंगसूत्रांचा गहूं प्रत्यक्ष निपजविला. 2018 सालीं गव्हाचा सविस्तर जनुकीय मजकूर प्रसिद्ध झाला. त्यांतहि तीन पूर्वजांचे वांटे स्पष्ट दिसतात.

कोणी म्हणतील, ही जुन्याचीच जुळवाजुळव. नवें तें काय? त्यांनीं तांबेऱ्याकडे पाहावें. तांबेऱ्याच्या असंख्य बीजकणांत एखाद्यांत फरक पडतो. प्रतिकारक वाणावर तोच तगतो व फैलावतो. 1998 सालीं युगांडांत आढळलेल्या तांबेऱ्यानें जगभर विसंबून राहिलेला एक प्रतिकारगुण निष्फळ केला.

म्हणून हें ज्ञान केवळ वादाचें नव्हे. वाणाचे आप्त ठाऊक असतील तरच नवा प्रतिकारगुण कोठून आणावा हें कळतें. ऑस्ट्रेलियांत वॉटरहाऊस यांनीं आपल्याकडील खपलीचाच तांबेरा-प्रतिकार पावाच्या गव्हांत उतरविला होता.

शंकेखोरास आमची एवढीच विनंति कीं, त्यानें आमच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये. खपली व लोकवन यांच्या ओंब्या शेजारीं ठेवून पाहाव्या, व घरचें खपलीचें बीं मोडूं नये.