रोड सायकलीची चाके आणि ट्यूबलेस टायर

रोड सायकलीची चाके व त्यांवर बसणारे टायर यांची निवड हा सायकलीच्या जुळणीतील सांगाड्याइतकाच महत्त्वाचा भाग होय. धावत्या सायकलीचा रस्त्याशी संबंध येतो तो दोन टायरांच्या अंगठ्याएवढ्या भागापुरताच. वेग, आराम, वळणावरील पकड आणि ब्रेकचा परिणाम या साऱ्या गोष्टी त्या एवढ्याशा स्पर्शावर अवलंबून असतात. ज्या टायरमध्ये हवा स्वतंत्र ट्यूबमध्ये न कोंडता टायर व रिम यांच्यामधील पोकळीतच धरून ठेवली जाते, त्यास ट्यूबलेस टायर म्हणतात. मोटारी व मोटारसायकली यांमुळे हा प्रकार आपल्याकडे परिचित असला, तरी रोड सायकलीच्या बाबतीत त्याचे नियम निराळे आणि अधिक काटेकोर आहेत.

नाशिकमधील पार्श्वभूमी

नाशिक हे महाराष्ट्रातील सायकलस्वारांचे एक प्रमुख केंद्र आहे. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर चालणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची नाशिक ते पंढरपूर सायकल वारीही सर्वपरिचित आहे. यांखेरीज २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ या दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्यांमध्ये येथील स्वार भाग घेतात. या फेऱ्यांना अनुक्रमे १३.५, २०, २७ व ४० तासांची मुदत असते आणि नियंत्रणस्थानांव्यतिरिक्त वाटेत कोणाचे साहाय्य घेता येत नाही. रात्री दोन वाजता निर्जन रस्त्यावर पंक्चर झाल्यास ते स्वतःच काढावे लागते. ट्यूबलेस टायरचा प्रश्न नाशिककरांच्या दृष्टीने शोभेचा वा फॅशनचा राहत नाही, तो याच कारणाने.

शहराभोवतीचे रस्ते एकसारखे नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गाचा डांबरी पृष्ठभाग बराचसा सपाट असला, तरी त्याच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरांतील बारीक पोलादी तारा विखुरलेल्या असतात. डोळ्यांना न दिसणारी अशी तार टायरमध्ये शिरते आणि हवा हळूहळू सोडत राहते. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या पूर्व भागात बाभूळ व वेडी बाभूळ यांचे काटे आणि सराट्याची टोकदार फळे हा नित्याचा उपद्रव आहे. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर व पेठ या बाजूंना पाऊस नाशिक शहराहून कितीतरी अधिक पडतो आणि भाद्रपद उलटेपर्यंत रस्त्यांची चाळण झालेली असते. म्हणजे एका दिशेस काटा आणि दुसऱ्या दिशेस खड्डा, अशा दुहेरी कसोटीवर येथे टायर पारखावा लागतो.

मापे आणि त्यांतील घोटाळा

रोड सायकलीच्या चाकाचे प्रचलित नाव ‘७०० सी’ असे आहे. परंतु ते नाव मापाचे खरे निदर्शक नाही. खरे माप म्हणजे टायरची कडा रिमवर जेथे टेकते तेथील व्यास, आणि तो ६२२ मिलिमीटर असतो. टायरच्या बाजूवर ‘२८-६२२’ असे छापलेले आढळते. त्यातील पहिला अंक टायरची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो, दुसरा हा व्यास. आपल्याकडील जुन्या काळ्या, दांडीच्या सायकलीचा टायर ‘२८ × १½’ या मापाचा असून त्याचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. गावातील दुकानात जाऊन नुसते ‘अठ्ठावीसचा टायर’ असे मागितल्यास दुकानदार हा दुसराच टायर पुढे करतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. व्यासातील तेरा मिलिमीटरच्या फरकामुळे तो रोड सायकलीच्या रिमवर सैल राहतो व चालत नाही. खरेदीच्या वेळी म्हणूनच ६२२ हा अंक डोळ्यांनी पाहावा.

टायरच्या रुंदीबाबतचे मत गेल्या काही वर्षांत पार बदलले आहे. पूर्वी २३ मिलिमीटर रुंदीचा टायर दगडासारखा फुगवून वापरणे हे शर्यतीच्या सायकलीचे लक्षण मानले जाई. आज २८ मिलिमीटर हे सर्वसाधारण माप झाले असून खराब रस्त्यांसाठी ३० वा ३२ मिलिमीटरचे टायर घेतले जातात. कडक टायर गुळगुळीत फरशीवर हलका धावतो. खडबडीत डांबरावर मात्र तो प्रत्येक खड्याशी उसळतो, आणि स्वाराला वर उचलण्यात खर्ची पडलेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. किंचित मऊ, रुंद टायर तेच खडे पोटात घेतो. नाशिकच्या रस्त्यांवर २८ मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर घेण्यास, सायकलीच्या चिमट्यात जागाच नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी काही कारण दिसत नाही. रिमवर दाबणारे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलींत बहुधा २५ ते २८ मिलिमीटरपर्यंतच जागा असते. टायर रुंद रिमवर बसवला की छापील मापापेक्षा अधिक फुगतो, हेही जागा मोजताना विसरू नये.

चाकाची निवड

चाक म्हणजे मधले हब, भोवतालची रिम आणि त्यांना ताणून धरणाऱ्या तारा, म्हणजे स्पोक. बैलगाडीच्या चाकात आरे भार खालून पेलतात. सायकलीच्या चाकात मात्र ताणलेल्या तारांमुळे रिमचा आकार टिकतो आणि भार त्या ताणाच्या कमीअधिक होण्यातून पेलला जातो. त्यामुळे तारांची संख्या व त्यांचा समान ताण यांना फार महत्त्व आहे. मागील चाकात दातेरी चकत्यांच्या बाजूच्या तारा अधिक उभ्या व अधिक ताणलेल्या असतात. वजनदार स्वाराची वा सामान लादलेली सायकल असेल तर मागे २८ किंवा ३२ तारांचे चाक घ्यावे. वीस तारांचे चाक दिसण्यास सुबक खरे, परंतु त्यातील एक तार तुटली तरी रिम एवढी वाकते की ती ब्रेकला वा चिमट्याला घासू लागते. शिवाय साध्या वाकड्या मानेची तार जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकते. विशिष्ट कंपनीची सरळ तार मात्र मागवावीच लागते, आणि ती येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून राहते.

हलक्या चाकांविषयीचा मोह बराच मोठा आहे. त्याचे मोजमाप करून पाहणे उद्बोधक ठरते. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरले आणि चाकांत ३०० ग्रॅम वाचवले, तर एकूण वजनात ०.३७५ टक्के घट होते. एक तास चालणाऱ्या चढणीवर यातून वाचणारा वेळ सुमारे १३ सेकंद भरतो. शर्यतीत तेरा सेकंदांना किंमत आहे. पण रविवारी सकाळी त्र्यंबकेश्वरला जाऊन येणाऱ्यास तेवढा वेळ चहाच्या टपरीवर सुटे पैसे शोधण्यात जातो.

उंच रिमची चाके हवा कापण्यास उपयोगी पडतात, परंतु ५० मिलिमीटर किंवा अधिक उंचीची पुढची रिम घाटातील आडव्या वाऱ्यात हँडल ओढते. हलक्या वजनाच्या स्वारांनी ३० ते ४० मिलिमीटरच्या पुढे विचारपूर्वक जावे. कार्बनच्या रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर कसारा किंवा राहूड घाटासारख्या उतारावर सतत ब्रेक धरल्याने रिम तापते आणि ती खराब होण्याचा धोका असतो. अशा सायकलीला ॲल्युमिनियमची रिमच योग्य. डिस्क ब्रेक असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे जुळणी पाहावी लागते ती धुरीची. डिस्क ब्रेकच्या आजच्या बहुतेक रोड सायकलींत पुढे १२ × १०० व मागे १२ × १४२ मिलिमीटरची आरपार धुरी असते, तर रिम ब्रेकच्या सायकलींत १०० व १३० मिलिमीटर रुंदीचे हब बसते. ही दोन प्रकारची चाके एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

ट्यूबलेस टायरची रचना

हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले होते. परंतु तो प्रचारात आला तो १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने सायकलीसाठी टायर बनवल्यावर. त्यानंतर शतकाहून अधिक काळ सायकलीच्या टायरमध्ये ट्यूब हे गृहीतच होते. डोंगरी सायकलींसाठी माव्हिक कंपनीची ट्यूबलेस प्रणाली १९९९ मध्ये आली, आणि हचिन्सन व शिमानो यांनी २००६ मध्ये ती रोड सायकलींसाठी आणली.

ट्यूबलेस टायरच्या कडेत, जिला बीड म्हणतात, न ताणणारे तंतू असतात. ही कडा रिमच्या आतील खाचेत घट्ट बसून हवा अडवते. तारांची भोके विशिष्ट चिकटपट्टीने बंद केलेली असतात. आत रबराच्या चिकाचा पातळ द्रव, म्हणजे सीलंट, ओतलेला असतो. २८ मिलिमीटरच्या टायरला साधारण ३० ते ४० मिलिलिटर पुरतो. काटा लागला की हवेबरोबर हा द्रव भोकाकडे धावतो आणि तेथे गोठून ते बुजवतो. स्वारास पुष्कळदा याचा पत्ताही लागत नाही. आणखी एक लाभ असा की खड्ड्याच्या धारेवर आदळून टायर व रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाणे, ज्यामुळे सापाने दंश केल्यासारखी दोन भोके पडतात, हा प्रकार ट्यूबच नसल्याने संभवत नाही. त्यामुळे हवा कमी ठेवता येते. ७० ते ७५ किलोग्रॅमच्या स्वाराला २८ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ६५ ते ७० पीएसआय, तर ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय हवा सहसा पुरते.

साधा टायर ट्यूब काढून, सीलंट ओतून वापरण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याची कडा ताणली जाऊन टायर धावत असतानाच रिमवरून उडू शकतो.

हुक असलेली आणि हुकलेस रिम

जुन्या पद्धतीच्या रिमच्या दोन्ही काठांना आतल्या बाजूस बारीक आकडा असतो व तो टायरची कडा धरून ठेवतो. अलीकडील काही रिमांत हा आकडा नसतो. त्यांस हुकलेस म्हणतात. अशा रिमवर केवळ ट्यूबलेससाठी बनवलेलाच टायर चालतो, आणि हवेचा दाब ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, याहून वर नेता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेन्ट याचा टायर हुकलेस रिमवरून निसटला व तो पडला. त्यानंतर या रिमांच्या सुरक्षिततेविषयी सायकल-जगतात मोठा वाद झाला. व्यावसायिक संघाच्या यांत्रिकांनी जोडलेल्या चाकाच्या बाबतीत जे घडू शकते, ते घरी जोडलेल्या चाकाच्या बाबतीत अधिक सहज घडेल. टायर व रिम यांची जोडी रिमनिर्मात्याच्या यादीत आहे की नाही, हे पाहिल्यावाचून हुकलेस रिमवर टायर चढवू नये. ८५ किलोग्रॅमच्या पुढील स्वारास अरुंद टायरमध्ये अधिक हवेची गरज भासते; त्याने एक तर रुंद टायर घ्यावा किंवा हुकची रिम.

पेट्रोल पंपावरील हवेचे यंत्र येथे विशेष धोक्याचे ठरते. सायकलीच्या टायरची पोकळी लहान असल्याने दोन क्षणांत दाब मर्यादेपलीकडे जातो. स्वतःचा मापकयुक्त हातपंप हाच भरवशाचा.

देखभाल आणि वाटेतील पंक्चर

सीलंट वाळते. थंड देशांतील सूचनांत दिलेली मुदत नाशिकच्या चैत्र-वैशाखात लागू पडत नाही. पारा चाळिशीला पोहोचतो त्या दिवसांत दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून आत द्रव शिल्लक आहे का, हे पाहावे. जो स्वार पावसाळ्याचे चार महिने सायकल गुंडाळून ठेवतो, त्याने ट्यूबलेसच्या भानगडीत न पडलेले बरे. त्याच्यासाठी चांगला टायर, साधी ट्यूब आणि पंक्चर काढण्याचे साहित्य एवढे पुरेसे आहे.

मोठ्या भोकात रबरी पट्टी खुपसून ते बंद करतात. महामार्गावरील दुकानात मोटारसायकलीसाठी वापरली जाणारी पट्टी सायकलीच्या पातळ टायरसाठी फार जाड असते, आणि ती घुसवताना भोक आणखी मोठे होते. सायकलीच्या बारीक पट्ट्या व त्यांची सुई पिशवीत असावी. हवा भरण्याच्या लहान नळकांड्यांतील कार्बन डायऑक्साइडमुळे काही प्रकारची सीलंट गोठतात, म्हणून घरी परतल्यावर सीलंट बदलावे.

एवढे करूनही टायर चिरल्यास शेवटी ट्यूबच कामी येते, आणि ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब बरोबर बाळगावी लागते. येथे बाभळीच्या प्रदेशातील स्वारांची हमखास फसगत होते. सीलंटने गुपचूप बुजवलेले अनेक काटे टायरमध्ये तसेच रुतून राहिलेले असतात. त्यांची टोके आतून बाहेर डोकावत असतात आणि नवी ट्यूब घालून हवा भरताच ती दोन-चार ठिकाणी फुटते. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडका फिरवून जेथे धागा अडकेल तेथील काटा चिमट्याने उपटून काढावा. अंधारात हे काम नुसत्या बोटांनी केल्यास रक्त निघते. पिशवीत लहानसा चिमटा ठेवला तर त्याचे वजन जाणवत नाही.