भिंत फोडण्याआधी बदल पडद्यावर करा. नागपूर मेट्रोची पद्धत घरालाही उपयोगी

तिगाव (जि. पांढुर्णा) : भिंती उभ्या झाल्या, स्लॅबची तयारी सुरू झाली आणि घरमालकाच्या मनात आले, दार पूर्वेला हवे होते. मग मिस्त्री छिन्नी-हातोडा काढतो. नऊ इंची भिंतीत एका चौरस फुटाला साधारण दहा विटा लागतात. म्हणजे तीन बाय सात फुटांच्या दारासाठी दोनशेवर विटा फुटणार आणि जुने दार बुजवायला तेवढ्याच नव्या लागणार. सिमेंट, रेती, मजुरी वेगळी. मलबा उचलायला ट्रॅक्टर लावावा लागला तर त्याचेही भाडे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात असा एक बदल चांगलाच झोंबतो.

मोठ्या कामांत हा फटका टाळायला आता बांधकामाचे संगणकी मॉडेल करतात. त्याला ‘बीआयएम’ म्हणतात. आपल्याला जवळचे उदाहरण नागपूर मेट्रोचे. २०१४ मध्ये भूमिपूजन, २०१९ मध्ये पहिली प्रवासी गाडी आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण. तिथे महामेट्रोने ‘फाइव्ह-डी’ मॉडेल वापरले. लांबी, रुंदी, उंची ही तीन मापे, चौथे वेळापत्रक आणि पाचवा खर्च.

हे नुसते सुंदर चित्र नव्हे, खातेवहीच समजा. प्रत्येक कॉलम, पाइप, खिडकी ही त्यातली एक नोंद. खिडकी सरकवली की विटा, सिमेंट आणि खर्चाचे आकडेही नव्याने निघतात. पाण्याचा पाइप बीममधून जात असेल तर ती टक्कर आधीच पडद्यावर दिसते. नाहीतर ती स्लॅब पडल्यावर कळते आणि काँक्रीटला भोक पाडावे लागते.

अर्थात मॉडेलमुळे माणसाचे मन बदलायचे थांबत नाही. बदल फक्त स्वस्त असतानाच होतो. आणि सुधारलेला नकाशा साइटवर पोचलाच नाही, मिस्त्रीच्या खिशात जुनाच कागद राहिला, तर सगळे मुसळ केरात.

दोन खोल्यांच्या घराला एवढा थाट कशाला? नकोच. पण नकाशा काढणाऱ्याकडून साधे थ्री-डी मॉडेल मागता येते. मोबाइलवर ते घरच्या बायांनाही दाखवावे, कारण ओटा कुठे हवा हे बहुतेक वेळा त्यांना कोणी विचारतच नाही. ओटा, मोरी, बोर्डाच्या जागा, छतावरची टाकी, जिना एवढे पाया खोदण्याआधी पक्के करून त्याच नकाशावर ठेकेदाराची सही घ्यावी. मॉडेल नसेल तर प्लॉटवर चुन्याने खोल्या आखून दारातून आत-बाहेर चालून पाहावे. चुना पुसायला पैसे लागत नाहीत.