तांबडी व पांढरी वाइन : निरनिराळ्या प्रांतांची चव

आंबेमोहोर शिजत असतां त्याचा वास ओळखण्यास मुळशी तालुक्यांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. दाणा नवा कीं जुना, वरच्या खाचरांतला कीं ओढ्याकांठचा, हें कित्येक वृद्ध माणसें एका घासावरून सांगतात. आणि गुळाचा खडा जिभेवर ठेवून उसाचें रान ताडणारे गुऱ्हाळवालेही आपणांस अपरिचित नाहींत. वाइनच्या द्राक्षांची गोष्ट मात्र निराळी आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या प्रांतांत या द्राक्षांची लागवड बरीच झाली. परंतु स्वतःच्या बागेंतील घडाची पुढें काय चव होते हें जाणणारे बागाईतदार आमच्या पाहण्यांत फार थोडे आहेत. भाव तर अखेरीस त्या चवीवरच अवलंबून असतो. म्हणून निरनिराळ्या प्रांतांतील कांहीं तांबड्या व पांढऱ्या वाइन जमवून, पौड येथें चार बागाईतदार मित्रांसह आम्हीं त्या चाखून पाहिल्या. त्यांचा वृत्तांत व त्यावरून सुचलेले कांहीं विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. हा लेख पिण्याची शिफारस करणारा नव्हे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत अद्याप अस्तित्वांत असून मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. मद्याचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. आणि दारूपायीं धुळीस मिळालेलीं घरें पाहण्यास आपणांस तालुक्याबाहेर जावें लागत नाहीं. धंद्यांतील परीक्षक घोट तोंडांत चहूंकडे फिरवून थुंकून टाकतात. आम्हींही तोच रिवाज पाळला, आणि त्यावांचून नऊ बाटल्यांची पारख शुद्धीवर राहून करतां येणें शक्यही नाहीं.

तांबडी व पांढरी यांतील भेद रसांत नसून बहुतांशीं सालींत आहे. काळें द्राक्ष चिरून पाहावें; बहुतेक जातींत आंतील गर पांढराच निघतो. पांढऱ्या वाइनकरितां द्राक्षें दाबून रस आधीं वेगळा काढतात व मग तो १२ ते १८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यांत सावकाश आंबवितात. तांबडीकरितां साल व बी यांसह सर्व लगदा २५ ते ३० अंशांच्या उष्णतेंत आंबूं देतात. त्यामुळें सालींतील रंग व सालीबियांतील तुरटपणा रसांत उतरतो. रसाच्या लिटरमागें सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे एक टक्का मद्यार्क होतो. द्राक्षें अधिक पिकलीं कीं वाइन अधिक कडक होते, याचें कारण एवढेंच.

आतां चवीकडे वळूं. पहिली बाटली फ्रान्सांतील लोआर नदीच्या खोऱ्यांतील सांसेरची, सोव्हिन्यों ब्लां या जातीची. रंग कडब्याच्या काडीसारखा फिका. पेल्यांत हलवितांच नुकत्या कापलेल्या गवताचा व लिंबाच्या सालीचा वास आला. मागून ओल्या दगडासारखा कांहींसा. आंबटपणा इतका धारदार कीं एका मित्राचे दांत आंबले, व त्यानें तोंड वांकडें केलें. तिच्या शेजारीं त्याच जातीची नाशिकची बाटली ठेवली होती. हिच्यांत प्रथम ढोबळी मिरची चिरतांना येतो तसा हिरवा वास, आणि लगेच पिकूं लागलेल्या पेरूचा. आंबटपणा बेताचा, आणि गिळल्यावर, म्हणजे आमच्या बाबतींत थुंकल्यावर, घशाशीं किंचित् ऊब. एकाच जातीच्या दोन बाटल्या, परंतु डोळे झांकून दिल्या असत्या तर त्या बहिणी आहेत असें कोणी म्हटलें नसतें.

तिसरी जर्मनींतील मोझेल नदीकांठची रीझलिंग. तेथें ५० अक्षांशाच्या आसपास, पाटीच्या दगडाच्या उभ्या चढणीवर वेली लावतात. मद्यार्क कमी, गोडी बरीच, पण आंबटपणाही तितकाच बरोबरीचा, त्यामुळें तोंड चिकटत नाहीं. चांगल्या लिंबाच्या सरबताचा जो मेळ असतो तोच येथें. घोटावड्याकडील आमचे एक स्नेही म्हणाले, "हिला रॉकेलाचा वास येतो." बाकीचे हंसले. वास्तविक त्यांचें नाक बरोबर होतें. जुनी झालेली रीझलिंग याच वासानें ओळखली जाते, व जाणते लोक त्यास दोष मानीत नाहींत. ज्यानें पूर्वीं हें कधीं वाचलें नव्हतें त्यानें तें सांगावें, यावरून शेतकऱ्याच्या नाकाविषयीं आमचा आदर वाढला.

चौथी नाशिककडचीच शेनिन ब्लां. पिकला पेरू, अननस, थोडा मध. पांचांपैकीं तिघांस हीच अधिक रुचली. आमच्या मतें हिची गोडी थोडी कमी असती तर फळाचा वास अधिक खुलला असता. परंतु आपल्या लोकांस गोड आवडतें, आणि वाइन करणारांस तें पक्कें ठाऊक आहे.

तांबड्यांत प्रथम फ्रान्सांतील बोर्डोची, कॅबरने सोव्हिन्यों व मेर्लो यांच्या मिश्रणाची. वास सुकल्या तंबाखूच्या पानाचा व लांकडी पेटीचा, कारण ती ओक लांकडाच्या पिंपांत मुरविलेली असते. तुरटपणा सुपारीच्या खांडासारखा, हिरड्यांवर बसणारा. एकट्यानें चाखली असतां ती रुक्षच लागली. शेंगदाण्याच्या कुटाची सुकी भाजी व भाकरी यांबरोबर मात्र तीच एकदम मऊ झाली. तिच्याशीं ताडून पाहण्यास बंगळूरजवळील नंदी डोंगराच्या पायथ्याची कॅबरने व शिराझ यांची बाटली घेतली. तेथें समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटरांवर कंवल ग्रोव्हर यांनीं बाग वसविली व १९९२ सालीं पहिली वाइन काढली. पुढें बोर्डोचे मिशेल रोलां हे त्यांचे सल्लागार झाले. हिची तुरटी सौम्य, फळ अधिक पिकलेलें, आणि शेवटीं मसाल्याच्या डब्याची आठवण व्हावी असा वास.

नाशिकची निव्वळ शिराझ आम्हांस तांबड्यांत सर्वांत जवळची वाटली. जांभूळ, चुलीचा मंद धूर आणि काळी मिरी. मिरीचा भास हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. मिरीच्या दाण्यांत जें गंधद्रव्य असतें तेंच या जातीच्या द्राक्षाच्या सालींत सांपडतें, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ इटालियन भागीदारांच्या साह्यानें २००७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या बागांत इटलीची सांजोव्हेझे ही जात लावली आहे. तिचीही बाटली होती. तस्कनी प्रांतांत हीच जात आंबट चेरीसारखी व पातळ अंगाची होते. अकलूजच्या उन्हांत ती आलुबुखाराकडे झुकली आहे, तरी टोमॅटोच्या पाल्याचा जो वास तिच्या अंगचा म्हणून सांगतात तो येथेंही टिकून होता.

नवव्या बाटलीबद्दल फार लिहीत नाहीं. ती गोव्याकडची 'पोर्ट'. खरी पोर्ट पोर्तुगालांतील दोरू नदीच्या खोऱ्यांत, आंबत्या रसांत द्राक्षाचेंच कडक मद्य घालून व त्यायोगें साखर राखून करतात. आपल्याकडे त्या नांवानें जें गोड पेय विकलें जातें तें बहुधा बेंगलोर ब्लू या द्राक्षाचें असतें. वास गोळीच्या सरबताचा. अधिक कांहीं सांपडलें नाहीं.

आतां हा फरक कां पडतो ? माती हें एक कारण खरें, परंतु आमच्या समजुतीप्रमाणें मोठें कारण ऋतूंत आहे. युरोपांत वेल हिवाळाभर झोंपतो, वसंतांत फुटतो आणि त्याचें फळ सप्टेंबर-ऑक्टोबरांत, वाढत्या थंडींत पिकतें. आपल्याकडे वेलास झोंप नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळछाटणी करून घड आणावयाचे, आणि जानेवारी ते मार्च या काळांत तोड करावयाची. म्हणजे तेथें फळ हिवाळ्याकडे तोंड करून पिकतें, व येथें उन्हाळ्याकडे. उष्ण हवेंत द्राक्षांतील एक आम्ल झपाट्यानें खर्च होतें, तसेंच तो हिरव्या मिरचीचा वासही ओसरतो. साखर मात्र वाढत राहते. नाशिकच्या पट्ट्यास उंचीमुळें हिवाळ्यांत थंड रात्री मिळतात, हाच काय तो आधार. तेथें पांढऱ्याकरितां तोड लौकर व पहांटेच्या गारव्यांत करण्याकडे कल असतो तो याचसाठीं. कारखान्यांत रसांत टार्टारिक आम्लही घालतात. उष्ण देशांत ही पद्धति सर्वमान्य आहे.

येथेंच बागाईतदाराचा प्रश्न उभा राहतो. कराराच्या शेतींत त्याचा माल मुख्यतः साखरेच्या अंशावर, म्हणजे ब्रिक्सवर, घेतला जातो. पण वरील चार पांढऱ्या वाइनपैकीं एकीचाही गुण केवळ साखरेंत नव्हता. ज्यानें सांसेरची व नाशिकची शेजारीं ठेवून चाखली, तो तोड चार दिवस आधीं करावी कीं नंतर, याविषयीं खरेदीदाराशीं बरोबरीनें बोलूं शकेल. इतरांस कांट्यावरचा आंकडा ऐकून घरीं यावें लागेल.

या धंद्याचे चढउतारही आपल्या जिल्ह्यानेंच आधीं पाहिले. नारायणगांव येथें शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनें फेसाळ वाइन काढली व 'ओमर खय्याम' या नांवानें ती परदेशीं धाडली. नाशकांत राजीव सामंत यांची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. राज्य शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर करतांच कारखाने व लागवड दोन्ही वाढलीं. पुढें २००८ ची मंदी आली, मागणी बसली, नारायणगांवचें तें आद्य घराणें कर्जांत बुडालें, आणि नाशिककडे अनेकांनीं वाइनच्या वेली उपटून खाण्याच्या जाती लावल्या. खाण्याचें द्राक्ष पेठेंत, गाडीवर, कोठेंही विकतां येतें. वाइनचें द्राक्ष बारीक, बियाळ, जाड सालीचें, त्यास कारखान्यावांचून गिऱ्हाईक नाहीं. किराणा भांडारांत वाइन विकण्याचा २०२२ चा सरकारी निर्णयही विरोधामुळें अडून राहिला. त्या विरोधास आम्ही सर्वस्वीं चूक म्हणत नाहीं. पण बागा लावा म्हणून सांगणारांनीं विक्रीची वाट आधीं मोकळी करावयास हवी होती.

एक व्यावहारिक सूचना. आम्हीं आणलेल्या बाटल्यांपैकीं एक, शहरांतील एका दुकानांत उन्हाच्या कांचेशीं उभी ठेवलेली होती. ती उघडतांच शिजलेल्या मनुकांचा वास आला, व दुसरी मागवावी लागली. पांढरी ८ ते १० अंशांवर व तांबडी १६ ते १८ अंशांवर चाखावी. "घरच्या उष्णतेवर" हा तांबडीविषयींचा युरोपी नियम आपल्या एप्रिलांत मुळींच लागू नाहीं; ती देखील अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी.

मुळशींत ही लागवड करावी काय, असें आमच्या बैठकींतील एकानें विचारलें. ताम्हिणीकडच्या बाजूस तर प्रश्नच नाहीं. पिरंगुटच्या पूर्वेस पाऊस बराच कमी असला तरी परतीचा पाऊस ऐन फळछाटणीच्या वेळीं लांबतो. कोंवळ्या फुटीवर केवडा पडला म्हणजे फवारणीच्या खर्चांतच वर्षाचें उत्पन्न जाईल. मांजरीचें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपणांस दूर नाहीं. ज्यास हौस असेल त्यानें आधीं तेथें जाऊन विचारावें, रोपें नंतर आणावीं.

परंतु शिराझ चाखतांना सर्वांच्या तोंडीं एकच शब्द आला, आणि तो 'जांभूळ' हा होता. रंग व तुरटपणा हीं दोन्हीं जांभळाच्या सालींत भरपूर आहेत. साखर द्राक्षापेक्षां कमी, म्हणून ती वरून घालावी लागेल. परवान्यावांचून घरीं आंबविणें हा गुन्हा आहे, तेव्हां हें काम एकट्यादुकट्याचें नसून संस्थेचें आहे. अडचण खरी वेळेची आहे. जांभूळ मेअखेरीस पिकूं लागतें, झाडाखालीं पडलेलें फळ लगेच फुटून आंबतें, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस आला कीं हंगाम संपला. फळ तळवटावर झेलून त्याच दिवशीं कारखान्यांत पोंचविण्याची सोय ज्या गांवास करतां येईल, त्यानेंच या गोष्टीचा विचार करावा.