दोन्ही मुले आपलीच

एकत्र कुटुंबातील आठ वर्षांची एखादी मुलगी एके दिवशी आईला बिलगून काही सांगू लागते. पंधरा वर्षांच्या चुलत भावाने आपल्याशी काय केले, ते तिच्या तुटक शब्दांतून आईला कळते. त्या रात्री घरातील थोरांची बैठक बसते. पेढीची पत, थोरल्या मुलीचे ठरत आलेले लग्न, समाजातील नाव असे सारे विषय निघतात. अखेर मुलाला मामाच्या गावी धाडायचे, मुलीला ‘विसरून जा’ म्हणायचे आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही, असे ठरते.

असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी बालकाच्या ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसून आले आहे. घरातील मौन मात्र दोन्ही मुलांचे अहित करते. आपल्या दुःखाला घरात किंमत नाही, हे मुलगी शिकते. केलेले झाकता येते, हे मुलगा शिकतो. शिवाय मामाच्या गावीही लहान मुले असतातच.

कायद्याच्या दृष्टीनेही ही तडजोड चालत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्याला ‘पोक्सो’ म्हणतात, असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या व्यक्तीने तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाच स्वतंत्र अपराध ठरतो व त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावरून मार्गदर्शनही मिळते.

‘मग मुलाचे आयुष्य संपले’ या भीतीपोटी पालक गप्प राहतात. अठरा वर्षांखालील मुलासाठी मात्र कायद्याची वाट निराळी आहे. त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असते. परिवीक्षा अधिकारी मुलाचे घर, शाळा, सोबती व मनःस्थिती यांचा अभ्यास करून सामाजिक तपासणी अहवाल देतो. त्यानंतर मंडळ समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या देखरेखीत ठेवणे, किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे असा आदेश देऊ शकते.

ही व्यवस्था फार सौम्य आहे, असा आक्षेप देशाने मोठ्याने घेतला तो दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर. सहा आरोपींपैकी एकाला अठरा वर्षे पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. त्याला विशेष गृहातील तीन वर्षांचा आदेश झाला. वयोमर्यादा खाली आणू नये, अशी शिफारस न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केली होती. तरी जनक्षोभ शमला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तो युवक सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा संमत केला. त्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असल्यास त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन होते. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. तेथेही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

समाजाचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु एका भयंकर घटनेवरून प्रत्येक मुलाविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉल्डवेल यांनी २०१६ मध्ये १०६ अभ्यासांतील ३३,००० हून अधिक किशोरांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. लैंगिक गुन्हा केलेल्या या मुलांपैकी शंभरात सुमारे पाच जणांवर पुन्हा तशा गुन्ह्याची नोंद झाली. २००० नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण तीनहून कमी होते. हे आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत, ही त्यांची मर्यादा खरी. तरीही ‘एकदा केले तो पुन्हा करणारच’ या समजुतीला त्यांतून आधार मिळत नाही.

अशा मुलांमागे एकच कारण नसते. काहींनी स्वतः अत्याचार सोसलेला असतो, सर्वांनी मात्र नाही. काहींचे लैंगिक शिक्षण केवळ मोबाइलवरील अश्लील चित्रफितींतून झालेले असते. कोणी एकलकोंडा, कोणी वाईट संगतीत सापडलेला, कोणी आवेग आवरता न येणारा असतो. कारण समजणे म्हणजे कृत्य क्षम्य ठरविणे नव्हे. कारण कळल्याखेरीज उपाय सापडत नाही, एवढेच.

उपचारात तज्ज्ञ समुपदेशक मुलाला केलेल्या कृतीचे नाव स्पष्ट उच्चारायला लावतात. ‘तिलाही चालत होते’ किंवा ‘गंमत होती’ अशा पळवाटा एकेक करून बंद केल्या जातात. संमती म्हणजे काय, मनात आवेग उठला तर काय करायचे, हे शिकविले जाते. आईवडिलांचा सहभाग येथे निर्णायक असतो. लहान मुलांसोबत त्याला एकटे न सोडणे, झोपण्याची व्यवस्था वेगळी ठेवणे, मोबाइलवर लक्ष ठेवणे, हे नियम घरानेच पाळायचे असतात. मारहाण, टोमणे किंवा रोजचा धिक्कार यांनी मूल सुधारत नाही, अधिक लपवू लागते.

तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताच्या भेदांमध्ये पहिले स्थान आलोचनेला आहे. दोष न लपविता सांगणे ही पहिली पायरी. शुद्धीची पुढील वाट तेथून सुरू होते. घरानेच दोष झाकला, तर मुलाला ती पायरी चढताच येत नाही.

या साऱ्यात पहिला अधिकार पीडित मुलीचा आहे. तिच्यावर विश्वास ठेवणे, तिला उपचार मिळवून देणे आणि ती ज्या घरात राहते तेथून तिला न हलविता मुलाची वेगळी सोय करणे, हे आधी व्हावे. क्षमा करण्याचा किंवा राखी बांधण्याचा आग्रह तिला कोणीही धरू नये. क्षमापनेच्या दिवशीही नाही. क्षमा मागणे हे मुलाचे कर्तव्य आहे. ती देणे हे तिचे कर्तव्य नव्हे.

मुलाच्या परतीची वाटही कायद्याने मोकळी ठेवली आहे. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बाल न्यायालयाने दोषी ठरविलेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा अपवाद सोडता, या प्रकरणामुळे पुढे नोकरी वा अन्य बाबतींत अपात्रता येत नाही. मात्र कागदावर मोकळी असलेली वाट समाजात बंद असू शकते. निरीक्षणगृहांत मिठाई, वह्या व कपडे वाटणारे दानशूर हात व्यापारी समाजात पुष्कळ आहेत. तेथून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाला गरज असते ती देखरेखीखाली शिकता येईल अशा कामाची, नियमित पगाराची आणि वेळेवर हजेरी विचारणाऱ्या शेठजींची. गोदाम, छापखाना, हिशेबाचे टेबल असे काम देणे व्यापाऱ्यालाच शक्य आहे.

त्या रात्रीच्या बैठकीत पेढीच्या पतीचा विचार झाला, लग्नाचा झाला. त्या दोन मुलांचा विचार आधी झाला असता, तर निर्णय वेगळा ठरला असता. मुलीला ऐकून घेणारे घर मिळाले असते आणि मुलाला खरे बोलून सुधारण्याची संधी.