भीमबेटका : वाहनाने जाताना घ्यावयाची काळजी

स्वतःच्या वाहनाने प्रागैतिहासिक शैलचित्रे पाहण्यास निघणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यातील भीमबेटका हे सोयीचे स्थळ आहे. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये येथील शैलाश्रय प्रकाशात आणले. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, नर्मदापुरमकडे जाणाऱ्या महामार्गालगत हे स्थळ आहे. नागपूरहून बैतूलमार्गे येणाऱ्यांना ते ओबेदुल्लागंजच्या अलीकडेच लागते. त्यामुळे आधी भोपाळ गाठण्याची आवश्यकता नाही. महामार्ग सोडल्यावर वाहन टेकडीवर शैलाश्रयांच्या जवळपर्यंत जाते. परिसर रातापानीच्या वनात असल्याने पाणी व खाद्यपदार्थ सोबत ठेवावेत आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे.

येथे सातशेहून अधिक शैलाश्रय असून त्यांपैकी सुमारे १५ पर्यटकांसाठी खुले आहेत. ते पाहण्यासाठी दोन ते तीन तास राखून ठेवावेत. एकाच खडकावर मध्याश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतची चित्रे एकमेकांवर रेखाटलेली आढळतात. हरणे, रानगवे, शिकारी, नर्तक आणि घोडेस्वार असे त्यांचे विषय आहेत. तांबड्या चित्रांसाठी प्रामुख्याने गेरू वापरलेला आहे.

अनेक चित्रे हाताच्या अंतरावर आहेत. हजारो वर्षे ऊनपावसापासून खडकाने जपलेला हा रंग वारंवारच्या स्पर्शाने पुसट होऊ शकतो, आणि एकदा गेलेला रंग पुन्हा भरता येत नाही. म्हणून चित्रांना हात लावू नये, तसेच ती ठळक दिसावीत यासाठी त्यांवर पाणी शिंपडू नये.