जुन्या व्हॅन्गार्डला ट्रॅक्टरचा डिस्ट्रिब्यूटर

एकेकाळी मद्रासला जुळणी होणारी स्टँडर्ड व्हॅन्गार्ड आज क्वचितच दिसते. तिचा मूळ डिस्ट्रिब्यूटर तर त्याहून दुर्मिळ. तिच्या २०८८ सीसी इंजिनाच्याच घराण्यातले इंजिन फर्ग्युसनच्या पेट्रोल ट्रॅक्टरला होते. म्हणून कारागीर ट्रॅक्टरचा डिस्ट्रिब्यूटर बदल करून बसवू पाहतात. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना आम्ही एवढेच सांगू, की तो बसला म्हणजे काम संपले नाही. ट्रॅक्टर संथ चालतो; गाडीचे इंजिन वेगात फिरू लागले की ठिणगी अधिक आधी पडावी लागते. त्यासाठी आतली वजने व स्प्रिंगा गाडीच्या मापाने बदलाव्यात. शाफ्टची लांबी, फिरण्याची दिशा व १-३-४-२ हा क्रम तपासावा. ठिणगी फार आधी पडली तर इंजिन ठोकते, पिस्टन जळतो आणि जुने गिऱ्हाईक तुटते. भाग मूळचा नाही, हे मालकाला आधीच सांगावे. दुसऱ्याची गाडी आपल्याकडे अमानत असते.