कार्बनचं ब्लेड घेण्याआधी

जून महिन्यात कुसगावात पाऊस सुरू झाला की मुलांचं मैदान घरात येतं. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माळ्यावर गेलेले क्रिकेटचे स्टंप दसऱ्यालाच खाली येतात. मधले चार महिने आमच्या वस्तीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरचं टेबल टेनिसचं टेबल हेच मुलांचं मैदान. माझी भाची तिथेच खेळायला शिकली.

तेरा वर्षांची असताना ती मला म्हणाली, "मामू, आता मला कार्बनचं ब्लेड पाहिजे. सगळ्यांकडे आहे." तिच्याकडे पाच थरांचं निव्वळ लाकडी ब्लेड होतं, तीन वर्षांच्या घामाने त्याची मूठ काळी पडली होती. तिच्या अब्बांचं छोटं गॅरेज आहे. त्यांनी नऊ हजार रुपये काढून दिले, उरलेले मी घातले, आणि जगज्जेत्यांच्या हातात दिसतं तसलं ब्लेड आम्ही पुण्याहून आणलं. निवड माझी होती. पंधरा दिवसांनी शालेय स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. हरण्याचं काही नाही. पण चेंडू टेबलाबाहेर जाईल या भीतीने तिने हात मोकळा फिरवणंच सोडलं होतं. घरी येऊन तिने बॅट कपाटात ठेवली आणि महिनाभर टेबलाकडे फिरकली नाही. तिचे अब्बा मला एवढंच म्हणाले, "पैशाचं सोडा भाईजान, पोरीचा हात बिघडला."

माझं काय चुकलं हे समजायला मला वेळ लागला. ज्या घरांत हा प्रश्न उद्या उभा राहणार आहे, त्यांच्यासाठी ते सांगतो.

बॅटचे दोन भाग असतात. हातात धरायचं लाकूड म्हणजे ब्लेड आणि त्यावर दोन्ही बाजूंना चिकटवलेलं स्पंजसकट रबर. रबर झिजतं आणि वर्षातून एकदोनदा बदलावं लागतं. ब्लेड मात्र वर्षानुवर्षं चालतं. 'कार्बनचं ब्लेड' म्हटलं की ते काळ्या पत्र्याचं असावं असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय नियमानुसार ब्लेडच्या जाडीतला किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच असावा लागतो. थर एकमेकांना चिकटवताना मध्ये कार्बनसारख्या तंतूंचं अस्तर घालता येतं. पण असा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. सहा मिलिमीटरच्या ब्लेडचे साडेसात टक्के म्हणजे ०.४५. म्हणून तिथे मर्यादा ०.३५ चीच. सहसा लाकडाचे पाच थर आणि तंतूंचे दोन, अशी रचना असते. म्हणजे दहा हजारांच्या पुढची किंमत मोजून आपण जो फरक विकत घेतो, तो पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपासचा असतो.

एवढ्याशा थराने फरक कसा पडतो? कार्बनचा तंतू पोलादाइतका ताठ, पण वजनाला पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. चेंडू आणि बॅट यांची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी असते. तेवढ्यात लाकडी ब्लेड किंचित वाकतं, चेंडूला क्षणभर धरतं आणि मग सोडतं. कार्बनचं ब्लेड कमी वाकतं, त्यामुळे चेंडू लवकर आणि वेगाने सुटतो. चेंडू मध्यभागी न लागता जरा कडेला लागला तरी मार फारसा मंदावत नाही, हा दुसरा फायदा. टेबलापासून दूर उभं राहून मारताना, समोरच्याच्या वेगवान फटक्याला उत्तर देताना किंवा नुसता ब्लॉक करताना कार्बन मदत करतो. मात्र नेटजवळ चेंडू हळूच ठेवायचा असतो, सर्व्हिस परतवायची असते किंवा सावकाश भरपूर फिरकी द्यायची असते, तिथे तोच गुण आडवा येतो. माझ्या भाचीचे पुश उंच उडू लागले आणि टॉपस्पिन टेबलाबाहेर जाऊ लागले, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट, कार्बन नेमका कुठे बसवला आहे. एखादी फळी वाकते तेव्हा तिच्या पृष्ठभागाजवळचा भाग सर्वांत जास्त ताणला जातो, मधला जवळजवळ नाही. म्हणून तोच तंतू वरच्या पातळ थराच्या लगेच खाली बसवला तर ब्लेड फार ताठ होतं. आत, मधल्या गाभ्याला लागून बसवला तर कमी. पहिल्याला खेळाडू 'आउटर' म्हणतात, दुसऱ्याला 'इनर'. इनर ब्लेड हलक्या हाताने खेळताना बरंचसं लाकडासारखं लागतं, आणि जोरात मारलं की त्यातला कार्बन जागा होतो. लाकडावरून कार्बनकडे येणाऱ्याने पहिली पायरी म्हणून इनरच घ्यावं. मी थेट आउटर उचललं होतं. तंतूंतही प्रकार आहेत: निव्वळ कार्बन हाताला कडक लागतो; कार्बनबरोबर ॲरिलेटचे तंतू विणले की कंपनं शोषली जातात आणि स्पर्श मऊ होतो.

आता सगळ्यांकडे कार्बन का, हाही प्रश्न रास्तच आहे. २००० साली चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला. २००८ मध्ये रबर उसळतं करणाऱ्या द्रावकयुक्त गोंदावर बंदी आली. २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा चेंडू आला. या प्रत्येक बदलाने चेंडूचा वेग किंवा फिरकी थोडी कमी झाली, आणि गेलेला वेग खेळाडू ब्लेडमधून परत मिळवू लागले. पण ही गरज त्यांची, ज्यांचा हात दिवसाचे पाच-सहा तास टेबलावर असतो.

साधनाने खेळ बदलतो याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या मुंबईनेच पाहिला आहे. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशियातली ती पहिलीच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवरच्या दाणेदार रबराच्या बॅटचा 'टक' असा आवाज यायचा आणि त्यावरून फटक्याचा अंदाज बांधता यायचा. सातोच्या बॅटचा आवाजच होत नव्हता. भले भले गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. पण तो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही. स्पंजचं कोडं इतरांना उलगडत गेलं. दोनच वर्षांनी त्याच्याच देशाचा इचिरो ओगिमुरा स्पंजच्याच बॅटने जिंकला, आणि १९५६ मध्ये पुन्हा जिंकला. बॅट दोघांकडे होती. ओगिमुराकडे तिच्याभोवती उभारलेला खेळ होता.

म्हणून ब्लेड बदलण्याआधी आपल्या मुलाचे गुण कुठे जातात ते चार सामन्यांत कागदावर मांडावं. चांगला फटका मारूनही चेंडू समोरच्याला सहज मिळत असेल, टेबलापासून मागे गेल्यावर जोर अपुरा पडत असेल, तर कार्बनचा उपयोग आहे. चेंडू बाहेर जाऊन गुण जात असतील तर कार्बन ते वाढवील. माझी ढोबळ कसोटी अशी: सरावात सलग पन्नास फोरहँड टॉपस्पिन टेबलावर पडत नसतील, तर थांबावं. चॉप करून बचावाने खेळणाऱ्याला तर लाकूड सोडण्याचं कारणच नाही.

घ्यायचंच ठरलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रबर तेच आणि मुठीचा आकार तोच ठेवावा. फार तर स्पंज थोडा पातळ घ्यावा. वजन पाहावं. नुसतं ब्लेड साधारण ८० ते ९० ग्रॅमचं असतं आणि रबरांसकट बॅट १८० च्या आसपास जाते. मुलांच्या मनगटाला पाच ग्रॅमही जाणवतात. दुकानात उघड्या ब्लेडवर चेंडू टाकून कान द्यावा. आवाज जितका चढा, तितकं ब्लेड ताठ. स्पर्धा तोंडावर असताना बदल करू नये. निदान दोन महिने हाताला द्यावेत.

आणि आपल्या मावळातल्या पावसासाठी एक सूचना. दमट हवेत रबरावर ओल धरते आणि चेंडू घसरतो. लाकूडही ओलावा पिऊन किंचित जड होतं. अशा दिवशी नव्या ब्लेडची पारख करू नये. बॅट पुसून कव्हरमध्ये ठेवावी, पण उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नये, लाकूड वाकतं.

आमच्या घरी पुढे काय झालं? मी माझी चूक भाचीजवळ कबूल केली आणि जुनं पाच थरांचं ब्लेड तिच्या हातात परत दिलं. पहिले काही दिवस तिने नुसते पुश केले. चार महिन्यांनी हात पुन्हा मोकळा झाला. त्यानंतर वर्षभराने तिने स्वतः दुकानात बसून, एकेका ब्लेडवर चेंडू टाकून ऐकत, इनर कार्बनचं ब्लेड निवडलं. मी बाजूच्या स्टुलावर गप्प बसलो होतो. ते ब्लेड पहिल्यापेक्षा स्वस्त निघालं. उरलेले पैसे तिने अब्बांना परत दिले. पहिलं महागडं ब्लेड अजून कपाटात आहे. "लागेल तेव्हा काढीन," असं ती म्हणते.